जॉब्रेकरचा चौथा अल्बम ऐकून तीन दिवस झाले डोकं ठिकाणावर नाही, कुणी समजावून सांगता का

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. इथं बरेच जण मेटलवाले आहेत हे माहितीये, पण पंक ऐकणारे दोन-चार तरी असतील म्हणून लिहायलो. जॉब्रेकर हा अमेरिकेतला तीन जणांचा पंक बँड. लांब होईल, सांभाळून घ्या.

मी अंबाजोगाईकडचा, सध्या संभाजीनगरला, वाळूजमध्ये शिफ्टची नोकरी. २००६ ला इंजिनिअरिंगला औरंगाबादला आलो तेव्हा होस्टेलला उदगीरचा रूम पार्टनर मिळाला. त्याचा मावसभाऊ पुण्यात आयटीत, त्याच्याकडून हा सीड्या भरून आणायचा. त्यातल्या एका सीडीवर काळ्या मार्करनं नुसतं 'जे बी' लिहिलेलं. आत तीन फोल्डर, अनफन, बिव्हुअ‍ॅक आणि ट्वेंटी फोर अवर रिव्हेंज थेरपी. १९९०, १९९२, १९९४. पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं स्पीकर फाटलाय, मी उठून मागची वायर हलवून बघितली, सबवूफरवर दोन चापट्या पण मारल्या. पार्टनर पलंगावर पडल्या पडल्या म्हणला, स्पीकरला मारू नको, त्याचा गळाच तसाय.

तो गळा मग मला सोडलाच नाही.

सेकंड इयरला माझे चार विषय गेले. वडिलांनी त्या वर्षी कापूस विकून फी भरली होती, आणि भाव काय लागला होता ते मला माहीत होतं कारण मी स्वतः ट्रॅक्टरवर बसून मोंढ्यात गेलो होतो. रिझल्टच्या दिवशी घरी फोन केला. वडील ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणले, जेवलास का. मी हो म्हणलो. मग ते म्हणले ठीकाय, आणि फोन ठेवला.

त्या रात्री आम्ही होस्टेलच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बसलो, पार्टनरच्या मोबाईलमध्ये हीच गाणी, एक इअरफोन त्याच्या कानात एक माझ्या. मागं विद्यापीठाचा डोंगर काळा दिसायचा. टाकी गळायची म्हणून पाठीला शर्ट ओला व्हायचा आणि तरी तिथंच बसायचो. इंग्रजी मला निम्मंच कळायचं. पण तो माणूस ज्या पद्धतीनं ओरडतो ना, गळ्यात खडे अडकल्यासारखं, एखादा शब्द फाटून अर्धाच बाहेर येतो, ते ऐकून माझ्या छातीतलं काहीतरी हलायचं. मला रडायला येत नव्हतं. माझ्या वाटचं तो रडायचा असं समजा. महिनाभर आम्ही रोज तिथं बसलो.

पुढं कधीतरी मी पार्टनरला विचारलं, याच्यापुढचं कुठंय. तो म्हणला, पुढं काही नाही, बँड फुटला. मी इतकी वर्षं तेच धरून बसलो. कधी शोधलं पण नाही, नोकरी, लग्न, पोरगी, कुठं शोधतोस. ते तीन अल्बम होते तेवढे पुरत होते.

आता गेल्या आठवड्यात रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसमध्ये बसलो, फोनवर रिव्हेंज थेरपी संपली, डोळा लागायच्या बेतात होता, आणि अ‍ॅपनं आपोआप पुढचा अल्बम सुरू केला. डिअर यू, १९९५. मला आधी कळलंच नाही हा तोच बँड आहे. आवाज गुळगुळीत, खरखर गायब, गिटारचे थरावर थर. मग एका ओळीत त्याची शब्द ओढायची लकब ऐकली आणि मी ताडकन उठून बसलो, शेजारचा माणूस दचकला. तोच होता. पण तो नव्हता.

घरी येऊन झोपायचं सोडून वाचत बसलो. कळलं ते असं, की हे लोक मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडं जाणार नाही म्हणायचे आणि शेवटी गेफेनच्या डीजीसी लेबलशी करार केला, निर्माता रॉब कॅव्हॅलो, म्हणजे ग्रीन डे या बँडचा डूकी अल्बम ज्यानं केला तोच. चाहते इतके चिडले की नवीन गाणी लागली की काही पोरं स्टेजकडं पाठ करून खाली बसायची. १९९६ ला बँड फुटला. म्हणजे तिकडची पोरं तीस वर्षांपूर्वी चिडून, भांडून, विसरून पण गेली, आणि मी आत्ता चिडायलोय, एकटाच, वाळूजच्या बसमध्ये.

बायको म्हणली, अहो गाणंच आहे ना. तिचं चूक नाही. पण मला खरंच असं वाटायलंय की मी आणि तो गाणारा त्या टाकीला टेकून बसलो होतो, तो बरा होऊन उठून गेला आणि मला सांगितलं पण नाही. बोलून दाखवलं की वेडेपणा वाटतो पण छातीत तसंच होतंय.

तुमचं कुणाचं झालंय का असं? काय केलं? हा अल्बम काढून टाकावा आणि जुने तीनच ऐकावेत, की नेटानं ऐकत राहावं? आणि आता जुने ऐकताना पण पुढं काय होणार ते माहीत असल्यासारखं वाटतं, त्याचं काय करावं?

बालाघाट

भाऊ, वेडेपणा काही नाही. तुझा राग शंभर टक्के बरोबर आहे आणि तो राग कुणी समजुतीनं विझवायला आलं तर ऐकू नको.

मी बीडचा, गिटार वाजवतो, त्यामुळं कानाला जे लागतं ते सांगतो. जुन्या अल्बममध्ये बेस कसा आहे बघ. ख्रिस बाउअरमायस्टरचा बेस गिटारच्या मागं मागं चालत नाही, स्वतःचं वेगळंच गाणं म्हणत असतो, बऱ्याच ठिकाणी चाल बेसच सांगतो आणि गिटार नुसती चरचर करते. डिअर यूमध्ये गिटार एवढ्या जाड केल्यात की बेस खाली दबून गेला. तीन माणसांचा बँड होता, तिघंही वेगवेगळे ऐकू यायचे. आता एक मोठी भिंत ऐकू येते. तुला जो तुटलेपणा वाटायलाय त्यातला निम्मा इथं आहे, फक्त गळ्यात नाही.

रिव्हेंज थेरपीचा मोठा भाग रेकॉर्डिंगवाल्या स्टीव्ह अल्बिनीनं शिकागोत स्वतःच्या घरच्या स्टुडिओत केला होता आणि अल्बमवर स्वतःचं नाव पण लावलं नाही, मांजराचं नाव लावलं, फ्लस. तो माणूस समोरच्या खोलीत जे वाजतंय तेच टेपवर घ्यायचा, वरून लिंपायचा नाही. तिथून उठून बर्कलीच्या फँटसी स्टुडिओत कॅव्हॅलोकडं जायचं म्हणजे अंगणातल्या चुलीवरून एकदम लग्नाच्या हॉलात जेवायला बसणं. अन्न वाईट नसतं, पण धूर नाही राहत.

आणि शब्द मोडल्याचं पण आहेच. १९९३ ला निर्वाणा या गाजलेल्या बँडबरोबर काही शो केले तेव्हापासून लोक संशय घ्यायचे, आणि हे म्हणायचे आम्ही नाही जाणार. मग गेले. बर्कलीच्या भागातल्या पोरांना आधीच ग्रीन डेचा अनुभव आलेला. बर्कलीचं गिलमन स्ट्रीट, ९२४ नंबरचं, पोरांनीच चालवलेलं ठिकाण, तिथं नियमच होता की मोठ्या लेबलवरचा बँड वाजवणार नाही. ग्रीन डेनं १९९३ ला रिप्राइझ या मोठ्या लेबलशी करार केला आणि ज्या दारातून मोठे झाले तेच दार बंद झालं, ते परत तिथं वाजवायला २०१५ उजाडलं. तर तिथली पोरं नुसती आवाजावर चिडली नव्हती. आपली म्हणून एक जागा होती, ती विकली जातेय असं त्यांना वाटत होतं.

बदल करू नये असं माझं म्हणणं नाही बरं का. क्लॅश हा बँड बघ, १९७७ चा पहिला अल्बम आणि १९७९ चा लंडन कॉलिंग यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, रेगे काय, स्का काय, जुना रॉक अँड रोल काय, तरी माणसं तीच वाटतात, कारण ते बाहेरून उचलून आत आणत होते. बॅड रिलिजननं १९८३ ला कीबोर्ड लावून भलताच अल्बम काढला, पोरांनी झिडकारला, तर पुढच्या १९८५ च्या रेकॉर्डचं नावच ठेवलं बॅक टू द नोन. म्हणजे ओळखीच्या जागी परत. चूक झाली तर अशी कबूल करावी.

माझं ऐकशील तर काढून टाक. तीन अल्बम पुष्कळ आहेत.

नागसेनवन

बालाघाट यांचं बेसबद्दलचं पटलं, काढून टाक हे नाही पटलं. मला पंकमधलं फार कळत नाही, पण ही जी जखम आहे ती आमच्या घरात झालेली आहे म्हणून लिहितो.

माझा मामा भीमगीतं गायचा. पेटी, ढोलकी, बेंजो, मागं दोन कोरसवाले, संपला बँड. नामांतराचा ठराव १९७८ ला झाला आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, मामाच्या पिढीनं मधली सगळी वर्षं अंगावर काढलेली. त्यामुळं दर १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर जाऊन गायचं हे त्याच्यासाठी कार्यक्रम नव्हता, ते त्याचं येणं होतं. मी लहानपणी त्याची पेटी धरून बसायचो. थंडीत भात्याचं कातडं कडक व्हायचं म्हणून तो पेटी गोधडीत गुंडाळून आणायचा.

मग मामेभावानं गाणं हातात घेतलं. आधी कीबोर्ड आला, मग ऑक्टोपॅड, मग डीजे. एका वर्षी मामाचंच गाणं त्यानं नवीन बीटवर लावलं. मामा स्टेजच्या मागून उठला, पेटी उचलली आणि रस्त्याच्या पलीकडं चहाच्या गाड्यावर जाऊन बसला. मी मागं गेलो. मला वाटलं जुनं-नवं काहीतरी बोलेल. तो एवढंच म्हणला, "माझा शब्द ऐकू येईना रे."

आवाज बदलल्याचं त्याला दुःख नव्हतं हे मला त्या दिवशी कळलं. तो स्वतः तरुणपणी कव्वालीच्या अंगानं गायचा आणि म्हाताऱ्या जलसेवाल्यांनी त्याला पण नावं ठेवलेली, हे तोच सांगायचा. त्याचं दुखणं वेगळं होतं, की ज्या शब्दासाठी हे सगळं उभं केलं तो शब्दच खाली गेला. दोन वर्षं बाप-लेक एका स्टेजवर आले नाहीत. आता मामेभाऊ डीजेच लावतो, पण अंतऱ्याला बीट काढून टाकतो, तिथं नुसती ढोलकी आणि गळा. मामा पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसतो. धृपदाला कानावर हात ठेवतो आणि अंतऱ्याला काढतो.

म्हणून रात्रपाळी, तुम्हाला माझं एकच विचारणं आहे. तुम्ही स्वतः लिहिलंय की होस्टेलला इंग्रजी निम्मं कळायचं. आता तर कळत असेल ना. त्या नवीन अल्बममध्ये तो काय म्हणायलाय ते बसून वाचलंय का? की फक्त आवाज ऐकून उठून बसलात? शब्द गेला असेल तर बालाघाट म्हणतात तसं करा. पण आधी बघा तरी.

काळी_पाच

मी इथं नुसती वाचत असते, लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही.

नांदेडला एका शाळेत संगीत शिकवते, १९ वर्षं झाली. साठ-साठ मुलांचा वर्ग, सकाळची प्रार्थना माईकशिवाय, संध्याकाळी भजनी मंडळ. माझ्या आवाजात एक खर होती, लोकांना ती फार आवडायची. अभंगात वरच्या सुराला आवाज थोडा चिरायचा आणि बायका डोळे मिटायच्या. मला वाटायचं ही माझी देणगी.

मग एके दिवशी प्रार्थनेला तोंड उघडलं आणि आवाजच नाही, नुसती हवा. डॉक्टरांनी नळी घालून पडद्यावर दाखवलं. घशात दोन पडद्यांसारखे स्वरतंतू असतात, बोलताना बाईचे सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांना भिडतात, पुरुषाचे शंभराच्या पुढं. माझ्या एका पडद्याच्या कडेला गाठ होती, ज्वारीच्या दाण्याएवढी दिसली मला त्या पडद्यावर. गाठीमुळं कडा नीट मिटत नाहीत, फट राहते, तिथून हवा सुटते. ती सुटणारी हवा म्हणजे माझी खर. इतकी वर्षं लोक ज्याला दाद देत होते ते माझं दुखणं होतं.

ऑपरेशन झालं. बरेच दिवस बोलायचं नाही, कुजबुजायचं सुद्धा नाही. पोराची जुनी पाटी घेऊन घरभर फिरायचे, भाजीवाल्याला सुद्धा पाटीवर लिहून दाखवायचे. आवाज परत आला तो स्वच्छ आला, गुळगुळीत. गायची पट्टी पेटीवरच्या काळी पाचवरून काळी चारवर उतरली. आषाढीला पहिल्यांदा मंडळात गायले, मनापासून गायले. झाल्यावर चहा चालू असताना एक बाई दुसरीला म्हणली, पहिल्यासारखी धार नाही राहिली गं. मी आत जाऊन सगळे कप विसळून टाकले, जे अजून प्यायचे होते ते पण.

त्यानंतरच्या त्या दिवसांत मी इंटरनेटवर फक्त एवढंच शोधायचे, की अशा गाठी कुणाकुणाला झाल्या आणि पुढं त्यांनी काय गायलं. तिथं मला तुमच्या बँडचा गायक ब्लेक श्वार्झेनबाख सापडला. मी असलं संगीत कधी ऐकलेलं नव्हतं. भाऊ, तुम्ही करार वाचलात, निर्माता वाचलात, हे वाचलं नाहीत का? १९९२ च्या युरोप दौऱ्यात त्याच्या घशात गाठ निघाली आणि लंडनमध्ये ऑपरेशन करावं लागलं. तुमच्याच आवडत्या रिव्हेंज थेरपीवर त्या दवाखान्यावर एक गाणं आहे, आउटपेशंट नावाचं. बिव्हुअ‍ॅक त्याच्या आधीचा. तुम्ही बिव्हुअ‍ॅक, रिव्हेंज थेरपी आणि डिअर यू ओळीनं लावा आणि गिटार-बिटार सोडून फक्त गळा ऐका. एकदम बदललेला नाही. आधीच बदलत आलेला आहे, एकेक पायरी. डिअर यू ला स्टुडिओचा हात आहे हे बालाघाट यांचं खरं असेल, मला त्यातलं कळत नाही. पण गळ्याचं मला कळतं. त्या गळ्यानं तसं ओरडत राहायचं म्हणजे पुन्हा गाठ.

तुम्ही टाकीला टेकून जे ऐकत होता त्यात एका माणसाचा पडदा सोलून निघत होता. तुम्हाला त्यानं आधार मिळाला हे खोटं नाही, मला पण माझ्या त्या आवाजाची रोज आठवण येते, इथलं नाव पण मी बदललं नाही. पण त्या बाईनं जर मला विचारलं असतं की ताई आता कसं वाटतं गाताना, तर मी सांगितलं असतं की दुखत नाही. एवढंच विचारायला पाहिजे होतं कुणीतरी.

बालाघाट

ताई, ऑपरेशनचं माहीत होतं मला, पण ते कधी या अंगानं डोक्यात आलं नाही. मी गिटारवरचं बोललो ते मागं घेत नाही, बेस दबलाय तो दबलाच आहे. पण काढून टाक म्हणलो ते मागं घेतो.

अजून एक आठवलं. रिव्हेंज थेरपीवर बॉक्सकार म्हणून गाणं आहे, खरा पंक कोण आणि खोटा कोण याची सर्टिफिकेटं वाटत फिरणाऱ्यांवरच आहे ते. मी ते कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलंय. गळा फाडून म्हणलंय. आणि वरची पोस्ट पण मीच लिहिली.

फक्त_ऐकतो

थोडी भर घालतो. डिअर यू कंपनीला पाहिजे तसा खपला नाही आणि नंतर बाजारात मिळेना. २००४ मध्ये ड्रमर अ‍ॅडम फालर यानं स्वतःच्या छोट्या लेबलवर तो परत काढला. ज्या अल्बमपायी शिव्या खाल्ल्या तोच स्वतःच्या हातानं परत बाजारात आणला, म्हणजे त्यांना तो लाजिरवाणा वाटत नव्हता. आणि नंतरच्या पोरांनी तोच डोक्यावर घेतला. २०१७ ला शिकागोच्या रायट फेस्ट या संगीत महोत्सवाला एकवीस वर्षांनी तिघं परत एकत्र आले.

रात्रपाळी

सगळ्यांना एकदमच उत्तर देतो. काळी पाच ताई, तुमची पोस्ट चार वेळा वाचली, एकदा बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. कपांपाशी आल्यावर मला वाचता येईना, पुढचं तिनं वाचलं. ती आता गाणंच आहे ना म्हणत नाही.

मला लाज वाटली असं म्हणणार होतो पण तेवढंच नाही ते. होस्टेलला जे मिळालं ते मला मिळालंच, ते कुणाला परत देता येत नाही. पण मी त्या माणसाबद्दल कधी विचारच केला नव्हता, म्हणजे त्याला गळा आहे, तो दुखतो, उद्या परत दुसऱ्या गावात गायचंय, हे काहीच डोक्यात नव्हतं. मला पाहिजे होतं तेवढं मी घेत राहिलो. बिव्हुअ‍ॅक काल लावला तर पहिल्यांदा अंग चोरून ऐकला. आता तिथं नुसतं माझं दुःख ऐकू येत नाही.

नागसेनवन दादा, तुम्ही म्हणला तसं बसलो. सुट्टीच्या दिवशी दुपारी, पोरगी झोपल्यावर, शब्द समोर काढून. मी लिहिलं होतं की तो बरा होऊन उठून गेला. काही बरा झालेला नाही. शब्द जुन्यापेक्षा काळे आहेत, पहिले ओरडून सांगायचा ते आता हळू सांगतो, आणि हळू सांगितल्यामुळं लपायला जागा राहत नाही. एका ठिकाणी मला वडील आठवले. जेवलास का म्हणून फोन ठेवला होता ना, तो आवाज. त्यात काही खरखर नव्हती, ओरडणं नव्हतं, पण सगळं त्यातच होतं आणि तेव्हा मला कळलं नव्हतं.

बालाघाट भाऊ, बेसचं तू म्हणतोस ते आता कानाला सारखं टोचायलंय. त्यात तुझंच खरं आहे.

आता मुख्य गोष्ट. सहा वर्षांनी काल पार्टनरला फोन लावला. त्याचं लातूरला कृषी सेवा केंद्र आहे, खरिपाची गडबड, दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी बोलला. मी हाल-हवाल पण नीट विचारलं नाही, सरळ म्हणलो, तू मला सांगितलं होतंस पुढं काही नाही, चौथा अल्बम होता तुला माहीत होतं का? तो एकदम गप. मला वाटलं फोन कट झाला. मागं कुणीतरी बियाण्याच्या पिशव्या मोजायलेलं ऐकू येत होतं.

मग म्हणला, होता माझ्याकडं. वेगळ्या सीडीवर. मला सगळ्यात तोच आवडायचा.

मी म्हणलो मग दिला का नाहीस.

तो म्हणला, अरे तू समोरच्या रूममधल्या त्या परभणीच्या पोराला काय काय बोलला होतास आठवतं का, तो हळू गाणी ऐकायचा म्हणून. मेसमध्ये, सगळ्यांसमोर. तो नंतर हेडफोन लावूनच ऐकायचा, आपल्यात बसलाच नाही परत. मी तिथंच ठरवलं की हा अल्बम तुला दाखवायचा नाही. तू गच्चीवरून खाली गेलास की मी लावायचो.

मला ते पोरगं आठवतं. बोललेलो पण आठवतं. आजपर्यंत ती आठवण मला वाईट म्हणून कधी आली नव्हती.

त्यानं रात्री फोटो पाठवलाय. सीडीच आहे, कडेला बुरशीचा ठिपका, वर त्याच काळ्या मार्करनं 'जे बी ४'. खाली लिहिलंय, चौथं गाणं आधी ऐक, सहा मिनिटांचं आहे, मध्ये बंद करू नको. परभणीवाल्याचा नंबर पण त्यालाच मागितलाय, शोधून देतो म्हणला.

निघतो, बस आली.